फायनान्सचा गंध नसताना बँकेच्या ट्रेडिंग डेस्कवर इंटर्नशिप मिळते का?

कृष्णाकाठ (धागालेखक):
नमस्कार मंडळी. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. पॉइंटर ८.१, कोडिंग बऱ्यापैकी जमतं, गणित मनापासून आवडतं. गेल्या दिवाळीत आतेभावाचा मित्र घरी आला होता, तो बीकेसीत एका बँकेच्या डीलिंग रूममध्ये बसतो, दोन तास त्यानं रुपया-डॉलर आणि सरकारी रोखे यांच्याबद्दल जे सांगितलं ते ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. मला हेच काम करायचंय. पण घरात बँकेत कोणी नाही, कॉलेजला असल्या कंपन्या येत नाहीत, आणि मी आजवर एकही शेअर घेतलेला नाही. येत्या उन्हाळ्यात ट्रेडिंग डेस्कवर इंटर्नशिप मिळवायची तर सुरुवात कुठनं करू? कोर्स लावू का? थोडे पैसे घालून स्वतः ट्रेडिंग सुरू केलं तर अनुभव म्हणून चालेल का? अनुभवी लोकांनी खरं काय ते सांगा, कडू असलं तरी चालेल.

पेठेतला:
कडू चालेल म्हणालास म्हणून सांगतो. आपल्याकडे बँकांच्या ट्रेझरीत (बँकेचे स्वतःचे पैसे, रोखे, परकीय चलन सांभाळणारं खातं) समर इंटर्न घेतात ते बहुतेक करून एमबीए कॉलेजांच्या कॅम्पसवरून, आणि बीटेकवाले घेतले तर आयआयटीतून. तुझा सीव्ही एचआरच्या गठ्ठ्यात वरून आला तर वाचायच्या आधीच बाजूला जाईल. माझ्या भाच्याने ४० ठिकाणी पाठवले, ३ ठिकाणांहून 'नाही' आलं आणि बाकीच्यांकडून काहीच नाही. हुशार मुलगा आहे तो, अजून आठवलं की वाईट वाटतं.

चहा_बिस्कीट:
वाखुसा (वाचनखूण साठवली). बसलोय, येऊ द्या.

गिरगावकर:
पेठेतला यांचं पहिलं वाक्य खरं, पण दार एकच आहे असं नाही. मी एका सरकारी बँकेच्या ट्रेझरीत २६ वर्षं काढली, त्यातली १९ रोख्यांच्या डेस्कवर. आमच्याकडे जे शिकाऊ ऑफिसर यायचे त्यात बीकॉम, बीएस्सी, शेतकीचे पदवीधर सगळे असायचे, आणि खरं सांगू का, पहिल्या दिवशी सगळ्यांची पाटी सारखीच कोरी असायची. यील्ड, म्हणजे रोख्यावर मिळणारा परतावा, वाढलं की भाव का पडतो हे बीकॉमवाल्यालाही परत शिकवावं लागायचं.

एक मुलगा अजून डोळ्यापुढे आहे, फिजिक्सचा. १५ जुलै २०१३ ला रात्री रिझर्व्ह बँकेने एमएसएफचा दर (बँकांना एका रात्रीसाठी तातडीचं कर्ज देते तो) एकदम २ टक्के वाढवून १०.२५ वर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला बाजार उघडला तो रोखे कोसळतच. चीफ डीलरने विचारलं, आपण आत्ता किती खाली आहोत? सगळे शीट उघडायला धावले. हा पोरगा डेस्कवर येऊन ३ आठवडे झालेले. त्याने ड्रॉवरमधून चौकड्यांचा कागद काढला, त्यावर आमच्याकडच्या एकेका रोख्याचा हिशोब होता, यील्ड १ बेसिस पॉइंट (टक्क्याचा शंभरावा भाग) हललं तर किती रुपये जातात तो, पेन्सिलने लिहिलेला. शीट उघडेपर्यंत त्याने आकडा वाचून दाखवला आणि तो जवळपास बरोबर निघाला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. डेस्कवर असा माणूस हवा असतो, डिग्री कुठली ते नंतर कोणी विचारत नाही.

निशिगंध:
माझी मुलगी पण हेच म्हणतेय म्हणून विचारते, हा सट्टा नाही ना? घरात सासूबाई तेच म्हणतात, बँकेत नोकरी म्हणजे काउंटर, हे ट्रेडिंग काय नवीन.

टेम्सकाठची:
निशिगंधताई, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि मुलाखतीत बरीच मुलं आपटतात ती इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पुण्यात गणितात बीएस्सी केलं, मग इकडे मास्टर्स, आणि १० वर्षं लंडनमध्ये व्याजदराच्या डेस्कवर आहे.

बँकेचा ट्रेडर दिवसभर स्वतःच्या मनाने पैज लावत बसत नाही. अमेरिकेत तर २००८ च्या घसरगुंडीनंतर डॉड-फ्रँक कायदा आला आणि त्यातल्या व्होल्कर नियमाने बँकांना स्वतःच्या नफ्यासाठी तसलं ट्रेडिंग करायला बंदीच केली. आमचं मुख्य काम म्हणजे गिऱ्हाइकाला भाव देणं. पेन्शन फंडाला रोखे विकायचेत, आयात करणाऱ्या कंपनीला डॉलर हवेत, ते फोन करतात आणि आम्ही दोन्ही बाजूंचा भाव सांगतो, इतक्याला घेऊ, इतक्याला देऊ. मधल्या फरकात कमाई. पण त्याने विकलेला माल आता माझ्या गळ्यात असतो, तो पुढे जाईपर्यंत भाव पडला तर तोटा माझा. तो धोका सांभाळणं हीच खरी कारागिरी.

त्यामुळे 'तुला ट्रेडिंग का करायचंय' याला 'मला रिस्क घ्यायला आवडते' हे उत्तर दिलंस तर समोरचा मनातल्या मनात पान उलटतो.

कृष्णाकाठ:
ताई, हे कोणीच एवढं सरळ सांगितलं नव्हतं. मी खरंच 'रिस्क घ्यायला आवडते' असं कव्हर लेटरमध्ये लिहिलंय! आजच काढतो.

अनंत_अपूर्णांक:
धागालेखकाचा एक प्रश्न मागे राहिला, स्वतः पैसे घालून ट्रेडिंग करू का. कृपा करून फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (एफ अँड ओ, पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) वाटेला जाऊ नकोस. शेअरबाजाराची नियंत्रक सेबी, तिने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. माझ्या होस्टेलच्या रूममेटने वडिलांनी फीसाठी पाठवलेले पैसे त्यात घातले होते, परीक्षेच्या आधी १५ दिवस तो झोपला नाही, आम्ही तिघांनी मिळून त्याची फी भरली. तो अनुभव कुठल्याही मुलाखतीत सांगण्यासारखा नाही.

आणि मुलाखत घेणाऱ्याला तू किती कमावलेस यात रस नसतो, विचार कसा केलास यात असतो.

गिरगावकर:
अनंतरावांना पूर्ण सहमत. पैसे घालायचेच असतील तर रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट म्हणून सोय आहे, नोव्हेंबर २०२१ पासून. खातं फुकट उघडतं, १० हजारांपासून सरकारी रोखा घेता येतो. एक १० वर्षांचा रोखा घे आणि रोज संध्याकाळी त्याचा भाव वहीत लिही, शेजारी 'आज का हलला' एवढी एक ओळ. दर बुधवारी ट्रेझरी बिलांचा (सरकारचं वर्षाच्या आतलं कर्ज) लिलाव, शुक्रवारी रोख्यांचा. एनडीएस-ओएम वर, म्हणजे रोख्यांच्या सौद्यांच्या स्क्रीनवर, काय सौदे झाले ते सीसीआयएल या सौदे पुरे करणाऱ्या संस्थेच्या साइटवर कोणालाही बघता येतं. आमच्या वेळी हे बघायला डीलिंग रूममध्येच असावं लागायचं.

न्यूयॉर्क_नाईट:
अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी: इकडे तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप ही खरी, कारण कायमची ऑफर तिथूनच येते. आणि तिचे अर्ज दुसऱ्या वर्षातच सुरू होतात, बरीच देशी मुलं जागी होतात तोवर गाडी सुटलेली असते. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर सीपीटीचं, म्हणजे शिकताना काम करायच्या परवानगीचं, कॉलेजच्या ऑफिसला आधीच विचारून ठेवा.

टेम्सकाठची:
लंडनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी 'स्प्रिंग वीक' असतो, एक-दोन आठवडे, आणि त्यातली बरीच मुलं पुढच्या समर इंटर्नशिपला थेट घेतात. मुख्य इंटर्नशिप शेवटून दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात, साधारण ९-१० आठवडे. अर्ज आधीच्या शरदात उघडतात आणि येतील तसे तपासतात, त्यामुळे शेवटच्या तारखेला भरलेला अर्ज खरं तर उशिराच असतो. मग ऑनलाइन टेस्ट, कॅमेऱ्यासमोर एकट्याने उत्तरं रेकॉर्ड करायची, आणि शेवटी असेसमेंट सेंटर, म्हणजे एकाच दिवशी मुलाखती आणि गटातली कामं. सांगलीत बसून थेट इकडे अर्ज करणं मात्र अवघड आहे कारण व्हिसाची गाठ पडते. इकडे शिकायला असाल तर वेगळं.

पेठेतला:
म्हणजे फिरून तेच. इकडे कॅम्पस नाही, तिकडे व्हिसा नाही. पोराने जायचं कुठे?

गिरगावकर:
सांगतो. आपल्याकडच्या नागरी सहकारी बँका. सांगली, कोल्हापूर, पुणे, सगळीकडे आहेत. एसएलआरसाठी (ठेवींचा ठरावीक हिस्सा सुरक्षित ठेवायचा नियम) त्यांना सरकारी रोखे ठेवावेच लागतात, म्हणजे मोठ्या बँकेत गुंतवणूक खातं असतं आणि तिथे दोन-तीन माणसं हेच काम करतात. कोणी विद्यार्थी तिथे जाऊन 'महिनाभर बसू द्या, पडेल ते काम करतो' म्हणत नाही, कारण कोणाला सुचतच नाही. शिवाय मुंबईत प्रायमरी डीलर आहेत, त्यांचा धंदाच रोख्यांच्या लिलावात बोली लावायचा आणि माल पुढे विकायचा. छोटी ऑफिसं, एचआरचा डोंगर नाही. डीलरला चार ओळींचं पत्र लिही, कशाला येऊ इच्छितोस आणि गेला महिना काय बघितलंस. सोबत त्या वहीच्या दोन पानांचा फोटो. माझ्याकडे असं पत्र आलं असतं तर मी तरी चहाला बोलावलं असतं.

चहा_बिस्कीट:
चहा म्हटलं की आम्ही आलोच. बिस्किटं माझ्याकडून.

बॅकऑफिसची_राणी:
एक सावधगिरीची गोष्ट, कारण माझ्याबरोबर घडलंय. एका परदेशी बँकेच्या इथल्या केंद्रात मला 'ग्लोबल मार्केट्स इंटर्न' म्हणून घेतलं. घरी पेढे वाटले. पहिल्याच दिवशी कळलं की काम कन्फर्मेशन जुळवण्याचं, म्हणजे ट्रेडरने केलेला सौदा आणि समोरच्या बँकेचा कागद दोन्हीकडचे आकडे, तारखा सारख्या आहेत का ते बघायचं. ८ आठवडे ट्रेडरचा आवाजसुद्धा ऐकला नाही. विचारलं तर म्हणाले, मार्केट्समध्येच तर आहेस. फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याचा राग मला अजून आहे कारण कोवळ्या मुलांशी असं शब्दात लपवून वागू नये.

तेव्हा ऑफर घेण्याआधी दोन प्रश्न विचारायचेच. मी कोणाच्या हाताखाली असेन, आणि त्या माणसाच्या नावावर नफा-तोटा असतो का? दुसऱ्याचं उत्तर लांबण लावून आलं की समजायचं.

पण एक सांगते, मी पुढे ऑपरेशन्समध्येच, म्हणजे सौदे तपासणाऱ्या बॅक ऑफिसमध्येच, राहिले आणि मला त्याचा अभिमान आहे. १९९५ मध्ये ब्रिटनची बेअरिंग्ज बँक बुडाली ती सिंगापूरला निक लीसन सौदे पण करत होता आणि ते तपासायचं काम पण त्याच्याच हाती होतं म्हणून. आमच्यासारखं कोणी तिथे वेगळं बसलेलं असतं तर २०० वर्षांहून जुनी बँक गेली नसती.

गिरगावकर:
राणीताई, टाळ्या. आमच्याकडे नव्या पोराला पहिले २ महिने मी मुद्दाम बॅक ऑफिसला बसवायचो.

बॅकऑफिसची_राणी:
काका, असे साहेब सगळ्यांना मिळोत.

अनंत_अपूर्णांक:
मुलाखतीचं कोणी लिहिलं नाही अजून. माझी झाली होती ती क्वांट (गणिती मॉडेलं करणाऱ्या) टीमसाठी पण ट्रेडर समोर होते. पहिला प्रश्न: एक फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे रुपये तुझे, किती देऊन खेळशील? सरासरी ३.५, हे सगळ्यांना येतं. लगेच पुढचा, पहिला टाक आवडला नाही तर एकदा परत टाकायची मुभा आहे, आता? म्हणजे ४, ५, ६ पडले तर ठेवायचे, त्यांची सरासरी ५, आणि अर्ध्या वेळा परत टाकायचा, त्याची ३.५. दोन्हींचं मधलं ४.२५. तीनदा टाकायची मुभा असेल तर किती हे धागालेखकाने इथे लिहावं.

कृष्णाकाठ:
४.२५ पेक्षा जास्त म्हणजे ५ किंवा ६ पडले तरच थांबायचं. त्यांची सरासरी ५.५, ती एक तृतीयांश वेळा. बाकी दोन तृतीयांश वेळा ४.२५. बेरीज ४.६७ च्या आसपास. बरोबर?

अनंत_अपूर्णांक:
बरोबर. बघ, फायनान्सचा एक शब्द तरी लागला का?

टेम्सकाठची:
माझ्या मुलाखतीतला प्रसंग सांगते, २०१४ चा. ट्रेडर म्हणाला, लंडनच्या भुयारी रेल्वेची स्टेशनं किती, मला दोन्ही बाजूंचा भाव दे. मी घाबरून म्हटलं २०० ते ३००. तो म्हणाला, एवढ्या रुंद भावाला कोण येईल तुझ्याकडे, २० चं अंतर ठेव. मी म्हटलं २४० ला घेईन, २६० ला विकेन. तो क्षणात म्हणाला, 'माइन', म्हणजे २६० ला त्याने माझ्याकडून घेतलं. आता परत भाव दे. मी एक सेकंद थांबले आणि म्हटलं २६५-२८५. तो काहीच बोलला नाही, सौदा केला नाही. खरा आकडा २७० होता, म्हणजे १० चा तोटा मला झाला.

मग त्याने विचारलं, भाव वर का नेलास? मी म्हटलं, तुम्ही इतक्या पटकन घेतलंत म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याने मान डोलावली. ऑफर आल्यावर त्यानेच सांगितलं, आकडा चुकला तरी चालतो, पण समोरचा घेतोय हे दिसूनही जी मुलं तोच भाव धरून बसतात त्यांना आम्ही घेत नाही.

निशिगंध:
अंगावर काटा आला वाचून. मुलीला पाठवलं.

पेठेतला:
हे छान आहे पण सांगलीच्या पोराला हे कुठे बघायला मिळणार, भाव देणं-घेणं?

कृष्णाकाठ:
पेठेतला काका, खरं तर मला ताईंचं वाचताना सारखं बाबाच आठवत होते. बाबा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत, हळदीच्या. सौद्याच्या दिवशी मी लहानपणापासून जातो. पोत्यातनं मूठभर हळकुंडं काढायची, एक मोडायचं, आतला रंग बघायचा, दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा, वाळलं असेल तर खणखणीत येतो. मग बोली. बाबा सांगतात की कोण व्यापारी कधी गप्प राहतो ते बघ, बोलणाऱ्यापेक्षा गप्प राहिलेल्याकडनं जास्त कळतं. एकदा एका ढिगावर नेहमीचा मोठा खरेदीदार बोललाच नाही, बाबा मला म्हणाले त्याची गोदामं भरलीत, आज भाव बसणार, आणि दुपारपर्यंत बसला. हे मुलाखतीत सांगितलं तर हसतील का?

गिरगावकर:
हसतील? अरे बाळा, हे तू पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस!

हरिपूरकर:
अवांतर: हळदीचा विषय निघाला म्हणून. आमच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं होती, त्यात हळद साठवायचे, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. माल पेवात, कागद हातात, आणि कागदावरच माल या हातातून त्या हातात जायचा. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. आजोबा पाणी ओसरल्यावर पेवाच्या तोंडाशी बसून होते, आम्ही त्यांना उठवायला गेलो तर म्हणाले, जरा बसू द्या.

चहा_बिस्कीट:
हरिपूरकर, यावर वेगळा धागा काढा. खरंच काढा.

टेम्सकाठची:
कृष्णाकाठ, नक्की सांग, पण नीट तयारी करून सांग, कारण पहिलाच उलट प्रश्न मी विचारीन: तुझे बाबा ज्यांच्याकडे आहेत तो अडत्या माल स्वतः विकत घेतो का?

कृष्णाकाठ:
नाही. माल शेतकऱ्याचा, खरेदीदार व्यापाऱ्याचा. दुकानाला अडत, म्हणजे दलाली, मिळते.

टेम्सकाठची:
मग भाव पडला तर तोटा कोणाला?

कृष्णाकाठ:
ज्यानं घेऊन ठेवला त्याला. अडत्याला नाही. त्याची अडत थोडी कमी होईल एवढंच. अच्छा... म्हणजे आमचं दुकान ब्रोकरसारखं आणि बँकेचा डेस्क त्या खरेदीदार व्यापाऱ्यासारखा, ज्याची गोदामं भरली होती तो.

टेम्सकाठची:
हेच ऐकायचं होतं. आणि ज्याची गोदामं भरलीत तो गप्प का बसला, याचं उत्तर म्हणजे डेस्कवरचा निम्मा धडा. माझ्याकडे रोखे जास्त साठले की मीही विकायला आलेल्याला जरा कमी भाव देते, कारण मला अजून नकोत. हे तू यार्डात डोळ्यांनी बघितलंयस. माझ्याबरोबरच्या इंटर्न्सपैकी बऱ्याच जणांना हे कळायला महिना गेला होता.

पण मुलाखतीत फक्त गोष्ट सांगून थांबू नकोस, ती ऐकायला गोड लागते आणि तेवढ्यावर कोणी घेत नाही. पुढचं वाक्य रोख्यांचं किंवा रुपयाचं हवं, आज काय चाललंय, तुझं मत काय, आणि काय झालं तर तुझं मत चुकलं म्हणशील. हे तिसरं बहुतेक जण विसरतात.

अनंत_अपूर्णांक:
+१. तिसऱ्यावर एक उदाहरण. ४ मे २०२२, रिझर्व्ह बँकेची बैठक ठरलेली नसताना दुपारी २ वाजता गव्हर्नर बोलणार असं जाहीर झालं आणि रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) ४ वरून ४.४० वर गेला. महागाई वाढतेय हे सगळ्यांना दिसत होतं, पण दर जूनला वाढतील म्हणून बसलेले होते. मत बरोबर, वेळ चुकली, आणि तोटा झाला. असा एखादा दिवस निवड आणि तास न् तास खोलात जाऊन वाच, रिझर्व्ह बँकेचं निवेदन, १४ दिवसांनी येणारं दर ठरवणाऱ्या समितीचं इतिवृत्त, कोण सदस्य काय म्हणाला. पन्नास व्हिडिओ बघण्यापेक्षा हे एक कामाला येतं.

पेठेतला:
मी माघार घेतो. भाच्याला पण हा धागा पाठवलाय. त्याने ४० ठिकाणी एकच पत्र पाठवलं होतं, नाव बदलून.

(५ आठवड्यांनंतर)

कृष्णाकाठ:
धागा वर काढतोय, माफ करा. काकांनी सांगितल्याप्रमाणे १० हजारांचा १० वर्षांचा रोखा घेतला, बाबांनी निम्मे दिले. वहीची ३१ पानं भरलीत. एका सहकारी बँकेत गुंतवणूक खात्यात शनिवार सोडून रोज २ तास बसतो, साहेब स्वभावाने फार चांगले आहेत, रजिस्टर माझ्याकडनंच लिहून घेतात. मुंबईत ११ जणांना वेगवेगळी पत्रं लिहिली. दोघांचं उत्तर आलं. त्यातल्या एका प्रायमरी डीलरकडच्या साहेबांनी उद्या ४ वाजता फोन करतो म्हटलंय.

तयारी म्हणून हिशोब केलाय, कोणीतरी तपासा. १० वर्षांचा रोखा, यील्ड १ बेसिस पॉइंट वाढलं की १०० रुपयांच्या भावात साधारण ७ पैसे पडतात. माझ्या १० हजारांवर ७ रुपये. बाजारातला एक लॉट ५ कोटींचा, त्यावर ३५ लाख.

गिरगावकर:
पेन खाली ठेव आणि परत वाच. १० हजारांवर ७ रुपये हे बरोबर. आता ५ कोटींत १० हजार किती वेळा बसतात?

कृष्णाकाठ:
५ हजार वेळा. ७ गुणिले ५ हजार, ३५ हजार. काका, मी ५ कोटींना थेट ७ पैशांनी गुणलं, भाव १०० रुपयांमागे असतो हे विसरलो.

गिरगावकर:
३५ हजार. हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. आणि उद्या फोन घेताना कागद-पेन्सिल जवळ ठेव, उत्तर देण्याआधी दोन सेकंद घेतलेस तर कोणी काही म्हणत नाही. ३५ लाख म्हणून टाकलंस तर मात्र फोन संपला.

बॅकऑफिसची_राणी:
दोन प्रश्न विचारायला विसरू नको!

निशिगंध:
शुभेच्छा रे बाळा. आम्ही सगळे वाट बघतोय.

कृष्णाकाठ:
फोन झाला. ४० मिनिटं. हळदीचं सांगितलं, ते म्हणाले अडत्या आणि व्यापारी यातला फरक सांग, मनात ताईंना नमस्कार केला. राणीताईंचे दोन्ही प्रश्न विचारले, म्हणाले माझ्याच शेजारी बसशील आणि माझ्याच नावावर नफा-तोटा आहे. मग ५ कोटींवर १ बेसिस पॉइंटला किती? दोन सेकंद घेतले आणि ३५ हजार म्हटलं. लगेच पुढचा प्रश्न, १० च्या जागी २० वर्षांचा रोखा असेल तर? तोंडावर ७० हजार आलं होतं. पण मग वाटलं, व्याज तर मधेमधे येतच राहतं, सगळे पैसे काही २० वर्षांनी येत नाहीत, मग दुप्पट कसं होईल. तेवढंच म्हटलं, दुप्पटीपेक्षा कमी, नक्की आकडा आत्ता सांगता येणार नाही. ते 'हं' म्हणाले. शनिवारी मुंबईला लेखी टेस्टला बोलावलंय.

काका, नक्की आकडा किती?

गिरगावकर:
७ टक्क्यांचा रोखा ७ टक्के यील्डला धरलास तर ५३ हजारांच्या आसपास. मी सांगितला म्हणून लिहून घेऊ नकोस, शुक्रवारपर्यंत सहामाही ४० हप्ते कागदावर मांडून स्वतः काढ आणि इथे टाक, मी बघतो.